हाताआधी पाय

इंदूर शहरात रेसकोर्स मार्गावर अभय प्रशाल नावाचे मोठे क्रीडागृह आहे. टेबल-टेनिसच्या खेळासाठी ते प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी पाहणाऱ्यांचे डोळे चेंडूवर खिळलेले असतात. जाणत्या शिक्षकाची नजर मात्र खेळाडूच्या पायांवर असते. ह्याचे कारण आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. खेड्यातील मुलांना त्यात मोठा लाभ आहे.

टेबलाची लांबी ९ फूट. सेकंदाला १० मीटर वेगाने आलेला चेंडू ती सुमारे पाव सेकंदात ओलांडतो. चेंडू आल्यावर सावरू म्हणणाऱ्यास वेळ कोठून मिळणार? म्हणून पवित्रा आधीच घ्यावा लागतो. पाय खांद्यांहून थोडे अधिक फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, अंगाचा भार चवड्यांवर आणि बॅट शरीरापुढे असावी.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने फोरहँडच्या फटक्यास उजवा पाय थोडा मागे घ्यावा, कमरेतून वळावे व फटक्याबरोबर भार डाव्या पायावर आणावा. बॅकहँडला पाय जवळजवळ समांतर ठेवून चेंडू पोटासमोर घ्यावा. चेंडू थोडा बाजूला पडला तर नुसता हात लांबवू नये. पाय एकमेकांत न गुंतवता सरकत जावे आणि फटका संपताच मूळ पवित्र्यात यावे. डावखुऱ्याने डावे-उजवे उलट समजावे.

१९५२ साली मुंबईस जागतिक स्पर्धा भरली. जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजाच्या बॅटने एकेरीत विजयी झाले व जो तो त्या बॅटविषयी बोलू लागला. पुढे त्यांच्याच देशाचे इचिरो ओगिमुरा १९५४ व १९५६ साली जगज्जेते झाले. त्यांची ख्याती मात्र पायांच्या कसून केलेल्या मेहनतीबद्दल होती. बॅट विकत मिळते, पाय घडवावे लागतात.

टेबल घेणे प्रत्येक घरास परवडत नाही. परंतु अंगणात चुन्याने ५ फुटांची रेघ ओढण्यास खर्च तो काय? ती टेबलाची कड समजून मुलाने तिच्यामागे हातभर अंतरावर उभे राहावे. भावंडाने "डावे", "उजवे" म्हणावे; त्याने सरकावे, रिकाम्या हाताने फटका मारावा व परतावे. रोज दहा मिनिटे पुरेत. आईबापांनी एवढेच पाहावे की, टाचांवर भार देऊन ताठ उभे राहण्याची खोड लागू नये; जडलेली खोड मोडण्यास फार दिवस लागतात. शहरातील मुलास टेबल आधी मिळेल, आपल्या मुलास उशिरा. पण ते मिळेल त्या दिवशी त्याचे पाय तयार असावेत.