जुळवलेला संगणकही टिकतो

‘घरासाठी ब्रँडेड डेस्कटॉपच घ्यावा’ हे पत्र वाचले. बिघाड झाला तर एकाच दाराशी जाता येते, हा पत्रलेखकाचा मुद्दा रास्त आहे. दहा-वीस मशीन लागणाऱ्या कचेरीने तयार संचच घ्यावेत. पण ‘असेंबल्ड संगणक टिकत नाही’ हे विधान मान्य करता येणार नाही.

टिकणे ठरते ते सुट्या भागांवर, विशेषतः एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या भागावर. ग्राहक प्रोसेसर आणि रॅमचे आकडे विचारतो. एसएमपीएस कोणता, हे सहसा कुणी विचारत नाही आणि काटकसर नेमकी तिथेच होते. स्वतः निवडताना चांगल्या कंपनीचा, ‘80 प्लस’ या वीज-कार्यक्षमतेच्या मानकाने प्रमाणित एसएमपीएस घेता येतो. दुसरे असे की, 1995 साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स मानकामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. अनेक तयार संचांत मात्र बोर्ड आणि पॉवर कनेक्टर कंपनीच्या खास घडणीचे असतात. वॉरंटी संपल्यावर त्यातले एखादे बिघडले की बाजारातला पर्याय बसत नाही आणि धडधाकट प्रोसेसरही भंगारात जातो. ही नासाडी मला फार खटकते.

जुळवलेल्या संगणकासाठी विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे खरे. तो खर्च हिशेबात धरावाच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात खरेदीला जाणाऱ्या पालकांना एकच विनंती: बिलावर प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, अनुक्रमांकासह लिहून घ्या. पुढे वॉरंटी मागताना तोच कागद लागतो.

— एक वाचक, डोंबिवली