धाकट्या सुनेचे ताट

सप्टेंबरात पोषण महिना आला की अंगणवाडीच्या भिंतीवरचे प्रत्येक वाक्य आईला उद्देशून असते. तासाभरात बाळाला छातीशी घे, सहा महिने अंगावरच पाज, मग वरचे अन्न सुरू कर, हात धू. सल्ला अचूकच आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते की महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५. मला यामागचे एक मोठे कारण असे दिसते की आईकडे आपण भरवणारी म्हणून पाहतो. तिलाही पोटभर जेवायला हवे, हे धोरणात फार उशिरा येते.

मुलाची उंची गर्भातच ठरू लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास केला. गरोदरपणी पालेभाज्या, फळे, दूध वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः मोठी भरली. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा बोलला जात नाही: शेतात राबणे, पाणी भरणे अशा कष्टांचा भार जितका जास्त, तितके बाळ लहान. यासोबत डायन कॉफी, रितिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी ग्रामीण भारतातील एकत्र कुटुंबांत काय पाहिले तेही ठेवावे. एकाच घरातल्या चुलत भावंडांत धाकट्या सुनेची मुले थोरलीच्या मुलांपेक्षा उंचीला कमी होती. घर तेच, चूल तीच, विहीरही तीच. वेगळा होता तो घरातला त्या बाईचा मान: शेवटी कोण जेवते, सर्वांत आधी कोण उठते, दवाखान्यासाठी कोणाला विचारावे लागते.

यावर ‘आईबापच बुटके, तर मूल उंच कुठून होणार?’ असे म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची मानके काढली ती सहा देशांतील मुले मोजून, आणि त्यांत दिल्लीतील सुस्थितीतल्या घरांची मुलेही होती. चांगला आहार आणि निरोगी परिसर मिळाल्यावर पहिल्या पाच वर्षांत ही मुले इतर देशांतल्या मुलांच्या बरोबरीने वाढली. आईबापांची उंची मोजायची असेल, तर त्यांच्याही बालपणीची उपासमार हिशेबात धरायला हवी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकलेल्या आईची मुले कमी खुरटतात, मग ज्ञान देणेच महत्त्वाचे नाही का? आहे, आणि आशाताईंचे गृहभेटीचे काम म्हणूनच मोलाचे आहे. पण शिक्षणासोबत बाईला बहुधा थोडे उशिराचे लग्न, थोडा पैसा आणि घरात थोडा आवाजही मिळतो. ऊसतोडीच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या गरोदर बाईला विश्रांतीचे महत्त्व समजावून सांगता येईल. त्या दिवसाची मजुरी बुडाली तर ती कोण भरून देणार, याचे उत्तर पत्रकात नसते.

म्हणून मला अमृत आहार योजनेची रचना पटते. आदिवासी भागात २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना त्यातून रोज एक वेळचे गरम, पूर्ण जेवण मिळते. घरी नेलेल्या शिध्याला घरभर वाटे फुटतात. अंगणवाडीत वाढलेले ताट त्या बाईच्याच पोटात जाते. अंमलबजावणीत उणिवा आहेत, निधी रखडतो, सेविकेवर बोजा पडतो. त्या दूर करून ही योजना ऊसतोड कामगारांच्या तळांवर आणि मराठवाड्यातील कोरडवाहू गावांत न्यायला हवी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. मातृवंदना योजना पहिल्या बाळंतपणाला ५,००० देते आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला म्हणून आईचे रक्त वाढत नाही. ही अट काढावी आणि रक्कम निदान किमान वेतनाशी जोडावी. घरातल्या पुरुषांना आणि सासूबाईंना अंगणवाडीच्या बैठकीत बोलावणे तर उद्यापासूनही जमेल. पाण्याचा हंडा कोण आणणार, हे त्या घरात तेच ठरवतात.