गोठ्यातली पद्मिनी आणि आपलं गॅरेज

बीडच्या कोरड्या हवेत गाडी गंजत नाही, असं आपण गिऱ्हाइकाला इतकी वर्षं सांगत आलो की आता ते आपल्यालाही खरं वाटू लागलं आहे. बॉनेटवर, छतावर हात फिरवला तर तसं दिसतंही. सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात वरचा पत्रा टिकतो. पण गाडी खड्ड्यावर घ्या आणि खालून बघा. गेवराई-माजलगावची काळी माती चाकांच्या कमानीत घट्ट बसलेली असते. ती पावसाळ्यात भिजते आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस वाळत नाही. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं त्याच मातीनं बुजलेली असतात. डिकीची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांनी माणसांइतकीच खताची पोती वाहिली आहेत. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे सरळ सरळ क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत मॅटखाली वर्षानुवर्षं राहिलं, की केजच्या गाडीचा तळही समुद्रकाठच्या गाडीसारखाच निघतो.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे एक नव्या प्रकारचं गिऱ्हाईक. आजोबांची किंवा मामांची पद्मिनी गोठ्याशेजारी कडब्याआड उभी असते. नातवाला ती पुन्हा चालती करायची असते, आणि तीही घरीच, स्वतःच्या हातानं, रविवारी वेळ काढून. तो आपल्याकडे गाडी घेऊन येत नाही, प्रश्न घेऊन येतो. आपण त्याला एक तर ‘भंगारात घाल’ म्हणून वाटेला लावतो, नाहीतर गाडी ताब्यात घेऊन पुट्टी भरतो, वरून ड्युको मारतो आणि पुढच्या पावसाळ्यात फुगे आले की फोन उचलत नाही. माझं मत असं, की या पोराला काम वाटून द्यावं. काही त्यानं घरी करावं, काही आपण करावं, आणि आपल्या सल्ल्याचे पैसे उघडपणे घ्यावेत.

नवशिक्याला पद्मिनीइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी नावानं विकली गेली. (हेच वालचंद वालचंदनगरच्या साखर कारखान्याचेही, ऊस आणि मोटार यांचं नातं आपल्याकडे जुनंच आहे.) १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, हाताला लागेल अशी वायरिंग. मुंबईत हजारोंनी टॅक्सी म्हणून धावली, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तरी सुटे भाग शोधणाऱ्याला मुंबईच्या जुन्या बाजारांत अजून मिळतात.

पण या गाडीला चेसिस नाही, आणि आपल्याकडच्या कारागिरांचा हात जीपवर बसलेला आहे. जीपची बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. फ्रेम शाबूत असेल तर वरचा पत्रा कितीही सडला तरी गाडी वाकत नाही. पद्मिनीत पत्रा हाच सांगाडा. दाराखालची पट्टी, जिला आपण रनिंग बोर्ड म्हणतो, ती शोभेची नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भार तीच पेलते. गंज सगळ्यात आधी तिथंच आतून लागतो, कारण ती पोकळ आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम कापल्या आणि गाडी मधोमध जॅकवर असली, तर बॉडी बसते. मग दारं लागत नाहीत आणि कितीही ठोकाठोक केली तरी ती पुन्हा नीट लागत नाहीत. म्हणून एका वेळी एकच बाजू घ्यावी. गाडी घोड्यांवर, चाकांच्या जवळ आधार देऊन ठेवावी. कापण्याआधी दाराच्या चौकटीत अँगल टाके मारून बसवावेत, आणि प्रत्येक तुकडा जोडला की दार लावून फट बघावी. पत्रा सीआरचा घ्यावा. हाताशी आहे म्हणून जीआयचा तुकडा जोडू नये. जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो आणि वेल्डिंगही भुसभुशीत येतं. हे काम आपलं. घरच्या नवशिक्याच्या हातात या ठिकाणी वेल्डिंग गन देऊ नये.

त्याला आधी तपासायला शिकवा. कापडात गुंडाळलेला चुंबक जिथं धरत नाही तिथं पुट्टी आहे. जिथं स्क्रू-ड्रायव्हरची टोच आत जाते तिथं पत्राच नाही. दोन्ही जागा खडूनं खुणावून गाडीचा नकाशा त्यानं स्वतः काढावा. नट-बोल्ट पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावाव्यात, उघडण्याआधी फोटो घ्यावेत. खरवडण्याचं कामही त्याचंच. मात्र जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं. वॉटर पेपर आणि पाणी वापरावं.

सुट्या भागांचा गंज काढायला आपल्याच जिल्ह्यात एक उत्तम वस्तू आहे: मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. वास सहन करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि कार्ब्युरेटर त्यात टाकू नयेत, मिश्रधातू खाल्ले जातात. मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, तेव्हा पिंप भरून आणण्याआधी चौकशी करावी. ते जमत नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात घालून चालतं, फक्त स्प्रिंग आणि कणखर बोल्ट आम्लात ठेवू नयेत, ते ठिसूळ होतात. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर हा तिसरा मार्ग: गंजका भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला, उघड्यावर, कारण हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टीलचं भांडं लावू नये, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. बाहेर काढलेला भाग धुऊन वाळवला की त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर रात्रीत पुन्हा लाली येते. टॅनिनवालं रस्ट कन्व्हर्टर गंजाला काळं करतं ते हिरड्यासारखंच. हिरडा आणि हिराकसाची जुनी शाई याच रसायनानं काळी व्हायची. पण कन्व्हर्टर उरलेल्या पातळ गंजासाठी आहे, भोकांसाठी नाही.

काही कामं त्यानं घरी करूच नयेत. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंगची ज्योत लावू नये. वाफ उरते आणि स्फोट होतो. पीयू रंगातलं हार्डनर फुप्फुसाला बाधतं, साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम हवेनं फुंकू नये, ओल्या फडक्यानं पुसावा. चारही चाकांचे व्हील सिलिंडर आपण उघडावेत. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टन अडकलेलाच असतो.

इंजिन अडकलं नसलं तरी सेल्फ मारायची घाई नको. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून पुली हातानं फिरवावी. आणि आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, पण पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्यांना आणि डायफ्रामला ते मानवत नाही. उभ्या गाडीत ते पाणी धरतं आणि टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

कागदांचं शेवटी सांगतो, पण ते विचारायचे पहिल्याच दिवशी. ग्राइंडर फिरवण्याआधी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेऊन फाइलला लावा. नंबर घासला गेला तर रंगरूप कितीही देखणं आलं तरी आरटीओत काही चालत नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी घेता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती इतकंच. त्याहून नवी असेल तर साधं नूतनीकरण, ज्याचं वीस वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हा हिशेब ऐकून काही पोरं माघार घेतील. त्यांना घेऊ द्या.

उरलेल्यांकडून सल्ल्याचा तासाचा दर किती घ्यावा, यावर एकमत दिसत नाही. कुणी चहावर भागवतं, कुणी थेट पूर्ण मजुरी सांगतं. बीड, अंबाजोगाई, परळीच्या गॅरेजवाल्यांनी आपापला दर आणि त्यात काय काय येतं ते लिहून कळवावं. नावं न छापता पुढच्या अंकात देऊ.