शेतीतील संपांचा इतिहास पुणतांब्यापासून सुरू होत नाही

संपादक महोदय,

राहाता तालुक्यातील पुणतांबा येथून १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाला वृत्तपत्रांतून वारंवार ‘इतिहासातील पहिला’ म्हटले जाते. ही नोंद दोन कारणांनी दुरुस्त व्हावयास हवी. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी, म्हणजे खोताची जमीन खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्यांनी, ऑक्टोबर १९३३ पासून सुमारे सहा वर्षे ती कसण्यास नकार दिला होता, हे पहिले कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. पुणतांब्याचा संप दूध व भाजीपाला रोखणाऱ्या उत्पादकांचा होता. त्याच्या मागण्या रास्त होत्या, परंतु त्यानंतर जाहीर झालेल्या ३४,०२२ कोटी रुपयांच्या कर्जमाफीत, ज्याच्या नावे सातबाराच नाही अशा मजुराला वाटा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मजुरांच्या संपाची परंपरा वेगळी आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारली आदिवासींनी १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली आधी वेठ, म्हणजे सक्तीचे विनामोबदला काम, झुगारली आणि पुढे ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मागून काम थांबवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या पोलिस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले, तरीही लढा मोडला नाही. कापणीचा हंगाम कोणासाठी थांबत नाही, आणि शेतमजुराच्या हाती असलेले बळ बहुतांशी एवढेच असते.

उसाच्या पट्ट्यात हे बळ मोठे असावयास हवे होते, कारण तोडलेला ऊस वाळला की साखर घटते आणि गाळप सुरू झालेल्या कारखान्याला रोज ऊस लागतो. राज्यातील सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ ज्या प्रवरानगरला झाला, ते आमच्या कोल्हारच्या शेजारी आहे; त्या कारखानदारीचे गौरवग्रंथ निघतात, ‘कोयता बंद’चा, म्हणजे तोडणी कामगारांच्या संपाचा, इतिहास मात्र बीडचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवला जातो, जणू तोडणी कामगारांचे पाथर्डी आणि शेवगाव तालुके आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात नाहीत. गोपीनाथ मुंडे यांनी या कामगारांचे दीर्घकाळ नेतृत्व केले; अलीकडे साखर कारखान्यांच्या संघाशी झालेल्या करारांतून २०२० मध्ये सरासरी १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे हंगाम मध्यावर आल्यावर, ३४ टक्के दरवाढ मिळाली.

ही वाढ इतक्या उशिरा पदरात पडते याचे मूळ उचलीत आहे. उचल म्हणजे हंगामापूर्वी मुकादमामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारामार्फत, दिली जाणारी आगाऊ रक्कम. ती घरखर्चात, लग्नात वा आजारपणात संपलेली असते आणि तोडणीच्या मजुरीतून फेडावयाची असते. त्यामुळे संपाचा प्रत्येक दिवस मालकाइतकाच डोक्यावर कर्ज असलेल्या मजुरालाही जड जातो. कारखाना त्याला आपला कामगार मानत नाही, पण करार मात्र कारखान्यांच्या संघाशीच करावा लागतो, हा विरोधाभास कोणी फारसा विचारात घेत नाही. त्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जात असल्याने मोळ्या बांधून वाहणाऱ्या स्त्रीची मजुरी हिशेबात स्वतंत्रपणे दिसतच नाही.

म्हणून दराचा करार उचल वाटली जाण्यापूर्वी, उन्हाळ्यातच व्हावा, स्त्रीच्या मजुरीची नोंद तिच्या नावे व्हावी आणि प्रतिटन दर प्रत्येक कारखान्याने ऊस टाकण्याच्या गव्हाणीजवळच्या फलकावर मराठीत लावावा. पुणतांब्याच्या पुढील वर्धापनदिनी पुरवणी काढताना आपल्या दैनिकाने तिच्यात तलवाडा आणि ‘कोयता बंद’ यांनाही जागा द्यावी.

— एक वाचक, कोल्हार (ता. राहाता, जि. अहिल्यानगर)