प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या मोहल्ल्यांत एकच हिशेब सुरू होतो. मार्क चांगले असतील तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, बेताचे असतील तर आयटीआय नाहीतर दुकान. मुलगी असेल तर हा हिशेब आणखी लवकर आटोपतो. 'मला शास्त्रज्ञ व्हायचंय' म्हणणारं पोर मला क्वचितच भेटतं. भेटलंच, तर घरचे विचारतात, "आपल्यात कोण झालंय?"

या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईतच आहे. सलीम अलींचा जन्म १८९६चा. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर सलीमला पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामा शिकारी, पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला दटावलं नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी या मुलाला पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं वाचायला दिली.

पुढची वाट सरळ नव्हती. कॉलेज अर्ध्यावर सुटलं, घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात जावं लागलं. पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेत नोकरी मिळाली नाही. बर्लिनला शिकून १९३० साली परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झालेली. मग ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळत बसले. घरटी विणतो नर, एकापेक्षा जास्त विणतो, आणि पसंत करते मादी, हे त्यांनी तिथं बारकाईनं नोंदवलं. बेकारीतल्या त्या कामानं पक्षीशास्त्रात त्यांचं नाव झालं.

दुसरं उत्तर रामेश्वरमचं. अब्दुल कलामांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, पण फीचे पैसे नव्हते. बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. दागिने आपल्याही घरांत गहाण पडतात. बहुतेक वेळा लग्नासाठी.

आणि मैत्रिणींनो, कमला सोहोनींचं नावही लक्षात ठेवा. वडील आणि काका रसायनशास्त्र शिकलेले, म्हणजे घरात विज्ञान होतं. तरीही १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवलाच. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्याच संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

आपल्या वाटेत भेदभाव आहे, तो मी नाकारत नाही. त्याच्याशी लढावंच लागेल. पण दहा वर्षांच्या पोराला "फालतू प्रश्न विचारू नकोस" असं सरकार सांगत नाही, आपण सांगतो. हुशार मुलीचं शिक्षण बारावीला थांबवायचा निर्णयही बहुधा घरातल्या बैठकीतच होतो. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून वाचकांकडे माझं मागणं छोटं आहे. गोवंडीच्या शेजारी, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. पुण्यात पाषाणला आयसर आहे, जिथं बारावीनंतर थेट विज्ञान संशोधनाकडे जाता येतं. मोहल्ल्यातल्या एका तरी पोराला यातलं एक ठिकाण दाखवा. तुम्ही बीएस्सी-एमएस्सी करत असाल, तर महिन्यातला एक रविवार शेजारच्या मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. सगळ्या प्रश्नांची उत्तरं यायलाच हवीत असं नाही. सलीमच्या मामांनाही आली नव्हती. पण उत्तर कुठं मिळेल, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तेवढं आपल्यालाही जमेल.