कल्पित नगरी आणि तिची मंडई

महाकाव्याची लक्षणे सांगताना दंडीने समुद्र, पर्वत, ऋतू आणि चंद्रोदय यांच्या पंक्तीला नगरालाही बसविले. त्यानंतर संस्कृत आणि प्राकृत काव्यांतून, पुढे त्यांच्या छायेत वाढलेल्या देशी भाषांतील आख्यानकाव्यांतूनही नगरवर्णनाचा एक ठरीव साचा निर्माण झाला. गगनचुंबी प्रासाद, फडकणारे ध्वज, रत्नखचित तोरणे आणि गवाक्षांतून डोकावणाऱ्या ललना हे त्या साच्याचे घटक होत. या नगरांत धान्य कोठून येते, हमाल कोठे झोपतात, मैला कोण वाहून नेतो असे प्रश्न विचारणे म्हणजे रसभंग करणे, अशी आपली समजूत झाली. एकोणिसाव्या शतकात मराठी अद्भुतरम्य कादंबरी अवतरली तेव्हा तिनेही राजवाडा, तळघर, अरण्य आणि कारागृह यांना भरपूर जागा दिली. पेठेला मात्र क्वचितच दिली. हलब्यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) सुरू झालेल्या त्या प्रवाहावर आपल्या समीक्षेने वास्तवपराङ्मुखतेचा शिक्का मारला. तो शिक्का सर्वस्वी अन्याय्य होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या निकालातून ‘अद्भुत म्हणजे पलायन’ असे जे समीकरण आपण सरसकट स्वीकारले, ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कल्पित नगरीची कसोटी तिच्या राजवाड्यावर लागत नाही, ती तिच्या मंडईवर लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ही कसोटी लावली तर अद्भुतकथेतील काही नगरे कित्येक वास्तववादी म्हणविणाऱ्या कादंबऱ्यांपेक्षा अधिक वास्तव ठरतात.

आपल्या परंपरेतही या साच्याला अपवाद आहेत. इळंगो अडिगळ यांच्या ‘सिलप्पदिकारम्’मधील पुहार हे बंदर पाहावे. समुद्राकडील भागात यवनांची घरे, सुगंधी द्रव्ये विकणारे, विणकर, मीठवाले आणि मासळी विकणारे. आतील भागात राजमार्ग, सधन व्यापारी, वैद्य आणि ज्योतिषी. आणि या दोन भागांच्या मधोमध वृक्षांच्या सावलीत भरणारा बाजार. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील उज्जयिनीही अशीच आहे. तेथे जुगारी आहे, अंग चेपून देणारा संवाहक आहे, आणि चौर्यशास्त्राचे नियम पाळून भिंत फोडणारा शर्विलकही आहे. मापाची दोरी विसरली म्हणून तो यज्ञोपवीताने भिंत मोजतो. हा प्रसंग केवळ विनोदी नाही. धंदा कोणताही असो, त्याला शिस्त असते ही नागर जाणीव त्यात आहे. देवलांच्या रूपांतरामुळे ही उज्जयिनी मराठी रंगभूमीवर रुळली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे बगदादचा बाजारही मराठी घरांत आला. हमालाच्या प्रसिद्ध कथेत एक स्त्री फळवाला, खाटीक, मिठाईवाला, अत्तरवाला अशी दुकानामागून दुकाने करीत हमालाच्या डोक्यावरील पाटी भरीत जाते. चमत्काराला अजून आरंभही झालेला नसतो, आणि वाचकाने अर्धे शहर पाहिलेले असते. पुढे घडणाऱ्या अद्भुतावर आपला विश्वास बसतो तो या पाटीच्या वजनामुळे.

आधुनिक काळात या प्रकाराचा सर्वांत सविस्तर विकास इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांनी केला. १९८३ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत, आणि त्यांपैकी अनेकींचे घटनास्थळ ‘अंख-मॉर्पोर्क’ हे व्यापारी शहर आहे. एकाच नदीच्या दोन काठांवर वसलेली ही जोडनगरी. अंखच्या बाजूला श्रीमंती, मॉर्पोर्कच्या बाजूला दारिद्र्य, आणि मधून वाहणारी नदी इतकी गढूळ की तिला पाणी म्हणावे की चिखल असा प्रश्न पडावा. जादूगारांचे विद्यापीठ, देवस्थानांनी गजबजलेला भाग, कसबी कारागिरांची गल्ली, आणि ‘शेड्स’ नावाची जुनी, काळोखी वस्ती ही त्या शहराची ठळक अंगे. पेठांची अशी यादी कोणीही करू शकेल. प्रॅचेट यांचे वैशिष्ट्य असे, की या पेठा एकमेकींवर कशा जगतात हे ते दाखवितात.

मालिकेतील पहिलीच कादंबरी या दृष्टीने लक्षणीय आहे. दूरदेशाहून आलेला एक प्रवासी अंख-मॉर्पोर्कमधील खानावळवाल्याला आगीच्या विम्याची कल्पना समजावून सांगतो. खानावळवाला ती कल्पना ताबडतोब समजून घेतो, विमा उतरवितो आणि आपल्याच खानावळीला आग लावतो. त्या आगीत शहर होरपळते. ज्या शहरात जादू नित्याची आहे तेथे खरा उत्पात घडवितो तो विमा! आर्थिक संस्था या मानवी कल्पनेच्याच निर्मिती आहेत, आणि त्यांची शक्ती मंत्रांहून कमी नाही, हे येथे एका विनोदात सांगून झाले आहे. दोन दशकांनंतरच्या कादंबऱ्यांत हेच सूत्र अधिक गंभीरपणे येते. २००४ च्या ‘गोइंग पोस्टल’मध्ये टपालाची तिकिटे चलनाप्रमाणे हातोहात फिरू लागतात, २००७ च्या ‘मेकिंग मनी’मध्ये सोन्याचा आधार सोडून कागदी पैसा येतो. पैसा म्हणजे परस्परविश्वास, आणि तो विश्वास निर्माण करणारा नायक धंद्याने भामटा आहे, हा उपरोध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचार करावयास लावील.

शहरातील धंद्यांचे संघ हा दुसरा विशेष. येथे चोरांचाही अधिकृत संघ आहे. परवानाधारक चोर लुटलेल्या गृहस्थाला पावती देतो. वर्षाची रक्कम आगाऊ भरली तर गृहस्थाला त्रास होत नाही. आणि बिनपरवाना चोरी करणाऱ्याचा बंदोबस्त संघच करतो. शर्विलकाचे शास्त्र येथे संस्था बनले आहे. कायदा व सुव्यवस्था ही हितसंबंधांच्या तडजोडीतून कशी उभी राहते, याचे हे विडंबन वाचताना वाचकाला स्वतःचे शहर आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु कल्पित नगरीचे दैनंदिन जीवन खऱ्या अर्थाने उमटते ते तिच्या अंगमेहनतीच्या चित्रणात. रात्रीच्या गस्तीचा प्रमुख व्हाइम्स हा गरीब वस्तीत वाढलेला माणूस. १९९३ च्या ‘मेन अ‍ॅट आर्म्स’मध्ये तो बुटांचा हिशेब मांडतो. त्याचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरचे आणि ते वर्षानुवर्षे टिकणारे. त्याला परवडणारे बूट १० डॉलरचे आणि एकदोन हंगामांत फाटणारे. परिणामी काही वर्षांत गरीब माणूस बुटांवर श्रीमंतापेक्षा अधिक पैसा खर्च करतो आणि त्याचे पाय तरीही ओलेच राहतात. गरीब असणे महाग पडते, हे सत्य एका कल्पित शहरातील शिपायाने इतक्या नेमकेपणाने मांडले, की २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त किराण्याच्या वाढत्या किमती नोंदविण्यासाठी एक निर्देशांक योजण्यात आला तेव्हा त्याला व्हाइम्सच्या बुटांचेच नाव देण्यात आले. ‘फीट ऑफ क्ले’ (१९९६) या कादंबरीत मातीचे गोलेम विश्रांतीवाचून राबत असतात. ते कोणाच्या तरी मालकीचे असतात. त्यांपैकी एकाची खरेदीपावती त्याच्याच मस्तकात ठेवली जाते, आणि तो स्वतःचा मालक होतो. मुक्त झाल्यावर त्याचा संकल्प असा, की मजुरी साठवून इतर गोलेमांना विकत घ्यावे व सोडवावे. पलायनवादी म्हणून हिणविलेल्या वाङ्मयप्रकारात गुलामगिरीचा प्रश्न असा मांडला जातो, याची आपल्या समीक्षेने दखल घ्यावयास हवी.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की अशा नगरीचे चाहते तिचे नकाशे, कोश आणि मार्गदर्शिका करण्यात रमतात व साहित्यकृती बाजूला राहते. हे खरे आहे. अंख-मॉर्पोर्कच्या गल्ल्यांचा नकाशा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला; इंग्लंडमधील विंकँटन या गावाने २००२ मध्ये या कल्पित शहराशी भगिनीनगरीचे नाते जोडले, आणि पुढे तेथील नव्या रस्त्यांना कादंबऱ्यांतील रस्त्यांची नावेही दिली. नकाशा हा तपशिलाचा संग्रह आहे, आणि केवळ तपशील म्हणजे वास्तव नव्हे. प्रत्येक चौकाला नाव असूनही ज्या शहरात कोणाचेच पोट कोणावर अवलंबून नाही ते शहर नेपथ्यच राहते. आज या प्रकारातील पुष्कळसे लेखन या अर्थाने नेपथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या भूमीतून येतो. प्रॅचेट यांच्या शहरात हॅरी किंग नावाचा एक गृहस्थ आहे. शहराचा मैला व केरकचरा उचलून, निवडून, विकून तो गडगंज झाला आहे. प्रतिष्ठितांना त्याचा वास सहन होत नाही, परंतु त्याच्या पैशाकडे त्यांना दुर्लक्षही करता येत नाही. इंग्रज वाचकाला हे वर्गीय विडंबन पुरेसे वाटेल. मराठी वाचकाला वाटणार नाही. आपल्याकडे मैला वाहणे हा निवडलेला धंदा नव्हता. तो जन्माने लादलेला होता, आणि १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी त्या प्रथेवर बंदी घातली तरी त्या कामाचे जातीशी असलेले नाते तुटले नाही. आपल्या शहरातला हॅरी किंग श्रीमंत होत नाही. धंद्याचा संघ आणि जात यांत हाच भेद आहे: संघात प्रवेश मिळवावा लागतो व तो सोडताही येतो. म्हणून उद्या एखाद्या मराठी लेखकाने कल्पित व्यापारी नगरी उभारली, आणि तीत परदेशी नमुन्यावरून चोरांचे, हमालांचे, भिकाऱ्यांचे संघ आणले, परंतु गावकुसाबाहेरची वस्ती आणली नाही, तर ती नगरी कितीही सुंदर असली तरी खोटी ठरेल.

याचा अर्थ असा नव्हे की आपल्याजवळ सामग्री नाही. ‘पेठ’ या शब्दातच एक अर्थव्यवस्था आहे: कौल घेऊन, करात सूट मिळवून शेटे-महाजन पेठ ‘वसवीत’, आणि पुण्याच्या वारांच्या नावांमागे हा इतिहास उभा आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हे एका व्यापारी नगरीच्या नित्यजीवनाचे मराठीतील आद्य व असामान्य चित्र होय. त्या नगरीची दुसरी बाजू अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘मुंबईच्या लावणी’त, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) कावाखान्यात आहे. प्रतिष्ठितांच्या नकाशात नसलेल्या वस्त्यांना या लेखकांनी नावे दिली, भाषा दिली. माडगावकर आणि ढसाळ यांची शहरे एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे व्यापारी नगरीची मंडई आणि तिचा उकिरडा एकाच हिशेबवहीत येतात. कल्पनेने नगर उभारू पाहणाऱ्या लेखकाला यापेक्षा समृद्ध भांडवल कोठे मिळणार?

मग अद्भुताची गरजच काय, असे कोणी विचारील. गरज अशी, की वास्तव शहराचे वर्णन करताना त्याच्या रचनेला आपण नैसर्गिक मानून चालतो. कल्पित नगरीत काहीच आपोआप असत नाही. तेथे पाणी कोण भरील, गस्त कोण घालील, कोणाच्या सावलीचा कोणाला विटाळ होईल किंवा होणार नाही, हे लेखकाला ठरवावे लागते. आणि जे ठरविता येते ते बदलताही येते, हे वाचकाच्या लक्षात येते. विडंबनाला आणि सामाजिक चिकित्सेला अद्भुताचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

पदव्युत्तर वर्गात अद्भुतरम्य कादंबरी आपण आजही वाङ्मयेतिहासातील एक ओलांडलेली पायरी म्हणून शिकवितो: लक्षणे सांगतो, दोष सांगतो आणि ‘यमुनापर्यटना’कडे व पुढे हरिभाऊंकडे वळतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवून पाहावा. ‘मुक्तामाला’तील नगर, चिपळूणकरांचे बगदाद, देवलांची उज्जयिनी आणि त्यांनी स्वतः आवडीने वाचलेली एखादी आजची कल्पित नगरी, या चारांत कोण काय खाते, ते कोण पिकविते, कोण वाहून आणते आणि उरलेले कोण उचलते, याची नोंद त्यांनी करावी. अशा नोंदीतून एखादा चांगला प्रबंध निघेल. आणि ज्या विद्यार्थ्याला आपल्या आवडत्या नगरीत या प्रश्नांची उत्तरे सापडणार नाहीत, त्याला आपण ती नगरी पुन्हा वाचावी असे वाटेल, किंवा दुसरी लिहावी असे वाटेल. मराठी विभागांनी या दोन्ही शक्यतांना वाव द्यावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.