पडद्याकडे नको, बाळाकडे बघा

आमची चिऊ ३१ आठवड्यांची असतानाच जन्मली. वजन १,४०० ग्रॅम. एनआयसीयूत पहिले तीन दिवस मी तिच्याकडे कमी आणि मॉनिटरकडेच जास्त बघत होतो. ऑफिसात दिवसभर सर्व्हरचे आलेख बघायची सवय, दुसरं काय! ऑक्सिजनचा आकडा जरा घसरला की माझाच श्वास अडकायचा. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "पडद्याकडे मी बघते. तुम्ही बाळाकडे बघा."

मग त्यांनी दाखवलं. बोटं ताठ फाकली, कपाळाला आठ्या पडल्या, रंग बदलला, की समजायचं तिला आता पुरे झालंय. हात तोंडाशी गेला, मूठ मिटली, की तिला बरं वाटतंय. पेटीवर टाकलेली चादर, मंद उजेड, दुपट्याच्या गुंडाळीचं घरटं, झोपमोड नको म्हणून एकदमच उरकलेल्या तपासण्या, हे सगळं मला लाड वाटत होतं. पण तो उपचारच होता. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तीच वाढ पोटातल्या अंधाराऐवजी अलार्म आणि दिव्यांच्या मध्ये होते. बाळाचे इशारे वाचून काळजी घ्यायची ही पद्धत बॉस्टनच्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिझ आल्स यांनी १९८०च्या दशकात उभी केली.

कांगारू पद्धत त्याहून थोडी जुनी. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी, उघड्या त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. तिथल्याच मुलांची वीस वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा कांगारू पद्धतीने वाढलेल्यांत अतिचंचलपणा आणि आक्रमकपणा कमी आढळला, शाळेतली गैरहजेरीही कमी. हे काम बापालाही जमतं. आमच्या आईला आधी पटेना, पण नंतर "आता तुझी पाळी" म्हणून तीच मला उठवायची.

घरी आल्यावर दोन वर्षं आम्ही सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर तिचं वय जन्मतारखेपासून नाही, तर ठरलेल्या तारखेपासून मोजत. म्हणजे चिऊ पंधराव्या महिन्यात चालली, तरी त्यांच्या हिशेबात तेराव्या. दोन वर्षांनी सगळं ठीक दिसलं आणि फाइल माळ्यावर गेली.

चूक तिथेच झाली. पहिलीत अक्षर उमटेना, वर्गात लक्ष लागेना, गरब्याच्या लाउडस्पीकरला ती कान झाकून रडायची. "आळशीपणा करते," असं समजून एका संध्याकाळी मी वहीवरून तिच्यावर जोरात ओरडलो. तिची बोटं ताठ फाकली, कपाळाला आठ्या पडल्या. हे मी आधी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाइल खाली काढली. आता आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे, आणि बाईंनी तिला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवलंय. अक्षर सुधारतंय, हळूहळू.

प्रत्येक बाळाला असा त्रास होतोच असं नाही, कित्येकांना काहीच होत नाही. पण तुमच्या घरी असं बाळ असेल, तर जन्मानंतर महिन्याभरात डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कानांची तपासणी चुकवू नका आणि शाळा सुरू होऊन रुळेपर्यंत डॉक्टरांकडे जाणं सोडू नका. शाळेतल्या बाईंनाही सांगा, त्यात लाज कसली?

यंदा नवरात्रात बडोद्यातलं मोठं मैदान आम्ही टाळलं, सोसायटीतल्या गरब्याला गेलो. दुसऱ्या फेरीनंतर चिऊने माझा हात ओढला, "बाबा, आता पुरे." आम्ही लगेच घरी आलो.